उजेड कुठे, माणसं कुठे?

दिवाळी झाली, की आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतोच येतो. तुमच्याही ग्रुपवर येत असणार. काळ्याभोर आभाळात आपला भारत आणि त्यावर लाल, निळे, हिरवे, पांढरे दिवे नुसते चमकताहेत! खाली लिहिलेलं असतं, ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा आपला देश’. गेल्या वर्षी तो अकोल्याच्या माझ्या धाकट्या बहिणीने टाकला. मीही लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं. पाचच मिनिटांत तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, मेसेज आला, ‘मावशी, हा फोटो दिवाळीचा नाहीच आहे.’

मला जरा रागच आला. आजकालच्या पोरांना कशातच कौतुक नाही, असं वाटलं. पण रात्री त्याने फोन केला आणि सगळं समजावून सांगितलं. ते चित्र खरं आहे, पण एका रात्रीचं नाही. ख्रिस एल्विज नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून ते तयार केलं होतं. पांढरे ठिपके म्हणजे १९९२च्या आधीपासून उजेड असलेल्या जागा, निळे म्हणजे १९९२ला दिसू लागलेल्या, हिरवे १९९८ला आणि लाल २००३ला. म्हणजे आपली शहरं आणि गावं कशी वाढत गेली, त्याचा तो नकाशा! शेवटी २०१२ साली नासाने दिवाळीच्या दिवसांतलं खरं छायाचित्र प्रसिद्ध केलं. त्यात दिवाळीची रात्र इतर रात्रींसारखीच दिसते. आपल्या पणत्यांचा आणि माळांचा जास्तीचा उजेड इतका थोडा, की वरून तो वेगळा कळतच नाही.

‘मग वरून पाहून उपयोग तरी काय रे बाबा?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘मावशी, या उजेडावरून साथीचे रोग कसे पसरतात ते शोधलंय लोकांनी. तू वीटभट्टीवरच्या लेकरांचं काम करतेस ना? मग तू हे वाचच.’

मी गॅसवरची भाजी खाली उतरवली आणि बसलेच ऐकायला. बी.ए.ला माझा भूगोल होता, पण असा भूगोल मला कुणी शिकवला नव्हता.

रात्री दीड वाजताचा पाहुणा

आधी हे काम चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या लष्कराने हवामानासाठी काही उपग्रह सोडले होते. चांदण्यात ढग दिसावेत म्हणून त्यांचे कॅमेरे अगदी मंद उजेडही टिपतील असे बनवले होते. ढग तर दिसलेच, पण त्यासोबत शहरांचे दिवेही दिसू लागले! मग लोकांच्या लक्षात आलं, की हा तर खजिनाच आहे. २०११च्या ऑक्टोबरमध्ये ‘सुओमी एनपीपी’ नावाचा नवा उपग्रह गेला. तो सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि रात्री साधारण दीड वाजता आपल्या डोक्यावरून जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा पाऊण किलोमीटर लांब आणि पाऊण किलोमीटर रुंद तुकडा. म्हणजे आपला अख्खा मोहल्ला एका ठिपक्यात! आपलं घर, शेजारणीचं घर, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, शाळा, सगळं त्यात आलं.

चंद्राचा उजेड आणि ढगांची अडचण हिशेबातून काढून नासाचे लोक रोजची आकडेवारी तयार करतात. त्यावरून त्यांना कळलं, की अमेरिकेत नाताळाच्या दिवसांत कितीतरी शहरं जास्त उजळतात आणि अरब देशांतली शहरं रमजानच्या रात्री. माणसं जशी वागतात, तसा उजेड हलतो.

नायजरमधला गोवर

आता मुख्य गोष्ट. पश्चिम आफ्रिकेत नायजर नावाचा एक गरीब, कोरडवाहू देश आहे. तिथे गोवराची साथ वारंवार यायची. मजा अशी, की ती कोरड्या महिन्यांत चढायची आणि पाऊस पडू लागला की उतरायची. असं का व्हावं?

नीता भारती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाची जुनी चित्रं काढली. नियामे, मराडी आणि झिंडर या तीन शहरांचा उजेड वर्षभरात कसा कमीजास्त होतो, ते मोजलं आणि ते आकडे गोवराच्या नोंदींशेजारी ठेवले. २०११च्या डिसेंबरमध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. उत्तर आपल्याला ओळखीचं वाटावं असं होतं. पावसाळ्यात माणसं गावाकडे शेतात असतात. पीक निघालं, शेत रिकामं झालं, की कामासाठी शहरात येतात. शहरात गर्दी वाढते, चुली वाढतात, दिवे वाढतात. आणि त्या गर्दीत गोवर वाढतो. पाऊस आला की माणसं परत जातात, उजेड उतरतो, गोवरही उतरतो.

गोवर किती पसरतो, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. लस न घेतलेल्या लेकरांमध्ये एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. आजारी मूल खोलीतून निघून गेलं, तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. एका झोपडीत सात-आठ माणसं झोपतात तिथे काय होत असेल, विचार करा.

याच मंडळींनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती मला जास्त लागली. नियामे शहरात साथ आल्यावर लसीकरणाची मोहीम झाली होती. कागदावर वाटलं, पुरेशा लेकरांना लस मिळाली. पण प्रत्यक्षात नव्हती मिळाली! कारण मोहिमेने धरलेली लेकरांची संख्याच कमी होती. शहरात राहणारे मुळात कमी मोजले गेले, आणि त्यात हंगामाचे पाहुणे आले होते, ते तर हिशेबातच नव्हते. भागाकार बरोबर होता, खालचा आकडाच चुकला होता. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शहराबाहेरची वीटभट्टी उभी राहिली. पण तिच्याकडे वळण्याआधी आपल्या स्वतःच्या साथीबद्दल बोलायलाच हवं.

आमचा तो फेब्रुवारी

५ एप्रिल २०२०ची रात्र आठवते का? नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आमच्या गल्लीत सगळ्या गॅलऱ्या पणत्यांनी भरल्या होत्या. त्या थोड्या मिनिटांत देशातली विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. दुसऱ्या दिवशी ‘अंतराळातून दिसलेला भारत’ पुन्हा ग्रुपवर हजर! आता मला कळतं, की रात्री दीड वाजता येणाऱ्या पाहुण्याला नऊ वाजताच्या पणत्या दिसणार तरी कशा?

पण त्या काळाचा खरा हिशेब उजेडातून निघालाच. चीनमधल्या वुहान शहराचे बाजारपेठेचे भाग आणि महामार्ग २०२०च्या सुरुवातीला मंदावलेले उपग्रहाने टिपले. आपल्याकडे जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी विजेचा रोजचा वापर आणि रात्रीचा उजेड एकत्र मांडला. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, आणि संपूर्ण एप्रिलभर विजेचा वापर नेहमीपेक्षा पाव हिश्श्याने कमी राहिला. टाळेबंदीचा नियम सगळीकडे सारखाच होता, तरी ज्या जिल्ह्यांत रुग्ण जास्त, तिथला उजेडही जास्त उतरला होता. याचा अर्थ काय? माणूस फक्त पोलिसाच्या काठीला भिऊन घरात बसत नाही. शेजारच्या घरात आजार आला, की तो आपणहूनच दार लावून घेतो.

हे आम्हाला अमरावतीकरांना वेगळं सांगायला नको. २०२१च्या जानेवारीत लसी सुरू झाल्या, लग्नाच्या तारखा निघाल्या, सगळ्यांना वाटलं, गेला बाई एकदाचा कोरोना. आणि फेब्रुवारीत आमच्या अमरावतीचं नाव देशभरच्या बातम्यांत! २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर शहरात पुन्हा टाळेबंदी लागली. आधी आठवड्याची म्हणाले, मग ती वाढली. अकोल्यातही कडक निर्बंध आले. राजकमल चौक दुपारी असा सुना मी जन्मात पाहिला नव्हता.

त्याच दिवसांत अकोल्याला माझ्या बहिणीचे यजमान दवाखान्यात भरती झाले. अमरावती ते अकोला जेमतेम शंभर किलोमीटर. एरवी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचतो आपण. पण तेव्हा मला जाता येईना. ती रात्री-बेरात्री फोन करायची, ‘ताई, ऑक्सिजन नव्वदवर आला गं.’ मी स्वयंपाकघरात दिवा लावून, फोन कानाला धरून बसायची, म्हणजे घरातले उठायला नकोत. किती रात्री दीड वाजता आमच्या घरचा तो एक दिवा जळत होता! यजमान सुखरूप घरी आले, देवाची कृपा आणि डॉक्टर-नर्सताईंचे कष्ट.

नंतर कळलं, तो पाहुणा नेमका दीड वाजताच डोक्यावरून जातो, आणि मला हसूही आलं आणि रडूही. कारण त्याला माझा दिवा दिसलाच नसणार. त्याला दिसले असतील रस्त्यावरचे खांब. शहर बंद असो की सुरू, ते रात्रभर जळतातच. बाजारपेठ तर आमच्याकडे एरवीही दीड वाजता झोपलेलीच असते. म्हणजे वरून दिसतं ते सगळंच खरं नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही. पालिकेने जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर शहर मंदावलं असं उपग्रहाला वाटू शकतं, कारण त्याच्या कॅमेऱ्याला निळसर उजेड नीट दिसत नाही. आणि वीस वर्षांपूर्वीचं आपलं वऱ्हाडातलं लोडशेडिंग आठवा! तासन्‌तास अंधार. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, इथली माणसं गेली कुठे? माणसं होती की, अंगणात बाजा टाकून वारा घेत बसलेली!

वीटभट्टीवरचा अंधार

आता त्या भट्टीकडे येते. आमच्या बचत गटाच्या आम्ही चार-पाच जणी गेली काही वर्षं शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर जातो. लेकरांना अक्षरं शिकवतो, बायांच्या तब्येतीची विचारपूस करतो. तिथे मेळघाटातली कोरकू कुटुंबं येतात. पावसाळ्यातलं पीक हाती आलं, दिवाळी झाली, की धारणी-चिखलदऱ्याकडून घाट उतरून खाली यायचं आणि होळीला परत वर जायचं. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. नायजरसारखंच की हे! पावसात शेतावर, कोरड्या दिवसांत कामाला बाहेर.

२०२२चा हिवाळा होता. मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ असल्याच्या बातम्या येत होत्या. एके दिवशी भट्टीवर गेले, तर एक वर्ष-सव्वा वर्षाचं पोरगं तापाने फणफणलेलं, डोळे लाल, अंगभर पुरळ. आईने कडुलिंबाचा पाला ठेवला होता उशाशी. मी विचारलं, ‘लस दिली होती का गं याला?’

ती म्हणाली, ‘कार्ड गावाले राह्यलं ताई. गावात सिस्टर येते, पन तवा आमी इथं असतो. इथं कोनीच येत नाही.’

दुसरी बाई म्हणाली, ‘होळीले जाऊ ना ताई, तवा देऊ.’

पोराला आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गोवर आहे, आणि छातीत न्यूमोनियाही. आठवडाभर ठेवावं लागलं. वाचलं बिचारं, पण सुकून काटकी झालं होतं. आईची आठवड्याची मजुरी बुडाली ती वेगळीच. भट्टीवर त्याच्या वयाची आणखी अकरा लेकरं होती. त्यातल्या फक्त चौघांची लस झाल्याचं आयांना नक्की आठवत होतं.

मी नंतर चौकशी केली. गावच्या रजिस्टरात त्या पोराच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘बाहेरगावी’. शहरातल्या रजिस्टरात त्याचं नावच नव्हतं. दोन्हीकडच्या ताया आपापलं काम करत होत्या, कुणी आळशी नव्हतं. पण रजिस्टर असं समजून चालतं, की माणूस एकाच जागी राहतो. नियामे शहरात जो आकडा चुकला, तोच आमच्या भट्टीवर चुकला होता.

आणि इथे आमची गोष्ट नायजरपेक्षा एक पाऊल पुढे जाते. तिथली माणसं शहरात आली, तर शहराचा उजेड वाढला आणि उपग्रहाने ओळखलं. आमची माणसं येतात ती अंधारात! भट्टीवरच्या झोपडीला वीज नसते. एखादी चिमणी, नाहीतर मोबाइलची बॅटरी. संध्याकाळी सातला चूल विझली, की सगळं काळोखात. शेजारीच हायवेवरच्या ढाब्याचे झगमगाट करणारे दिवे. वरून पाहणाऱ्याला ढाबा दिसेल, त्याच्या मागची चाळीस माणसं दिसणार नाहीत. सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे, तीच माणसं उजेडाच्या नकाशात नाहीत.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, ‘तुझा उपग्रह हुशार आहे, पण त्याला आमच्या डोळ्यांची जोड लागणार.’ तो म्हणाला, ‘मावशी, शास्त्रज्ञ पण तेच म्हणतात. वरून अंदाज घ्यायचा, खाली जाऊन खात्री करायची.’

आपण काय करू शकतो?

मैत्रिणींनो, आपल्याला काही रॉकेट उडवायचं नाही. पण त्या संशोधनातली खरी शिकवण अगदी घरगुती आहे. माणसं जिथे आणि जेव्हा गोळा होतात, तिथे आणि तेव्हा लस पोहोचली पाहिजे. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या.

एक, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आम्ही भट्ट्यांवर आणि नव्या बांधकामांवर एक चक्कर मारतो. पाच वर्षांखालची किती लेकरं आली, ती साध्या वहीत लिहितो आणि ती यादी आशाताईला नेऊन देतो. आशाताईला एवढ्या मोठ्या भागात कुठे कोण आलं, हे कसं कळणार? पण आपल्या गल्लीच्या टोकाला नवीन झोपडी पडली, की आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं ना!

दोन, लसीचं कार्ड. आयांना सांगतो, कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेव. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असला तरी चालेल. आता यू-विन नावाची सरकारची ऑनलाइन नोंदही आली आहे, पण हातातला फोटो केव्हाही बरा.

तीन, आयांच्या मनातली एक चुकीची समजूत काढतो, की ‘आपल्या गावची लस आपल्या गावातच मिळते’. तसं नाही. सरकारी दवाखान्यात लस फुकट असते, कुठल्याही गावच्या लेकराला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. हुकला असेल, तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. ‘आता वेळ निघून गेली’ म्हणून बसू नका.

आणि मेळघाटातल्या माझ्या बहिणींसाठी एक सांगणं. होळीच्या आठवड्यात सगळी माणसं गावात असतात. लसीचा दिवस त्या आठवड्यात ठेवा, असं ग्रामसभेत म्हणून पाहा. सणाच्या दिवशी लेकरू रडलं तर रडलं, वर्षभर हसतं राहील.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वहीत सव्वीस लेकरं होती. आशाताई आणि सिस्टर दोघी सकाळी सातला भट्टीवर आल्या, बाया कामाला लागायच्या आत. एकवीस लेकरांना राहिलेल्या लसी मिळाल्या. पाच जणांच्या आया म्हणाल्या, ‘ताप येते, मंग काम कोन करन?’ त्यांच्याकडे आम्ही पुन्हा गेलो. दोघींनी ऐकलं, तिघी अजून ऐकायच्या आहेत. ऐकतील.

यंदा दिवाळी झाल्यावर तो रंगीत फोटो ग्रुपवर येईलच. बहिणीला मी आत्ताच सांगून ठेवलंय, ‘फोटो खुशाल टाक. पण त्याच्याखाली एक आकडा लिहायचा. तुझ्या कॉलनीमागे ती नवीन इमारत बांधून राह्यले ना, तिथं लेकरं किती, ते मोजून.’

ती म्हणाली, ‘ताई, मी आजच मोजून आले. नऊ आहेत.’